चाळीस सायकली हवेतून गेल्या

"अरे, रस्ता कुठाय?"

दिग्विजयनं करकचून ब्रेक दाबला. त्याच्यावर दिव्याची सायकल आदळली, दिव्यावर तनुजाची, आणि तिघंही धुळीत बसली!

समोर रस्ता नव्हताच. समोर होती दगडाची जुनी खाण. खोल किती? वरून सोडलेला खडा तळाला पोचेपर्यंत सोडणाऱ्या पोराला मिसरूड फुटावं, एवढी! आणि तळाशी हिरवं, गप्प पाणी.

दिव्याच्या मोबाइलवरचा 'वाटाड्या' मात्र गोड आवाजात सांगत होता, "सरळ जा. पुढे उत्तम रस्ता आहे."

'वाटाड्या' ही या तिघांचीच करामत! चाकणच्या कंपन्यांत सायकलनं जाणाऱ्या कामगारांना ट्रकांपासून दूरच्या वाटा दाखवणारा ऑनलाइन नकाशा. दिग्विजयचे काका नानासाहेब ताथवड्याला कॉम्प्युटरचे क्लास घेत. त्यांनी नकाशाचा सांगाडा उभा केला आणि पोरांनी अर्धी सुट्टी गल्लीबोळ हुडकण्यात घालवली. नियम सोपा होता. जिथून पुष्कळ सायकली जातात, तो रस्ता चांगला. जिथं पुष्कळ सायकली खोळंबतात, तिथं कोंडी. बाकीच्यांना दुसरीकडून वळवायचं. हे सगळं कामगारांचे मोबाइलच आपोआप कळवत.

काल नकाशावर हा नवा रस्ता उगवला. ताणलेल्या दोरीसारखा सरळ!

"काका, एकदा बघून येऊ या," असं दिव्या म्हणाली होती. त्यावर नानासाहेब खेकसले होते, "चाळीस सायकली गेल्यात तिथून! चाळीस जण काय उडत गेले?" आणि त्यांनी रस्ता चालू करून टाकला.

"दिव्ये, तोंड का असं पांढरं पडलं गं?" तनुजानं विचारलं. ती चाकणचीच, जुन्या गावातली.

"बाबा!" दिव्यानं मोबाइल पुढं धरला. "बाबा आज दुसऱ्या शिफ्टला याच रस्त्यानं निघालेत. म्हणाले, लेकीच्या नकाशातला नवा रस्ता आधी मीच वापरणार."

तिच्या मोबाइलवर बाबांचा निळा ठिपका खाणीच्या पलीकडच्या उतारावरून खाली येत होता. उताराच्या टोकाला कडेनं हिरव्या कापडाचं कुंपण. त्यात सायकल जाईल एवढी फट. फटीच्या अलीकडे नुसती हवा!

दिव्यानं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"सायकलवर असले की ते फोन घेत नाहीत! मीच शपथ घातलीय!"

"मग बोंबलू या!" दिग्विजय ओरडला. तिघांनी घसे फाडले. पण शेजारी खडी फोडायचं मशीन असं गरजत होतं, की आपलाच आवाज आपल्या कानापर्यंत येईना.

"वळसा मारून जाऊ!"

"लई लांबचा वळसा हाय. न्हाई पोचणार," तनुजा म्हणाली.

"काकांना सांग, रस्ता बंद करा म्हणावं!"

"काकांचा फोन बंद! दुपारची झोप! दारात तोफ उडाली तरी कूस बदलतील फक्त!"

ठिपका खाली येतच होता. दिव्या मटकन खाली बसली. मीच बनवला हा नकाशा, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात वर कर्रर्र झालं. खाणीवरून आरपार दोर बांधला होता आणि त्याला लटकून एक निळा क्रेट इकडे येत होता! अलीकडे कंपनीच्या मागच्या गेटाशी वॉचमन धोंडीबा एक मोठं चाक फिरवत होता.

"मामा, काय आहे हे?"

"मोबाईल हायती! आत न्यायला बंदी हाय ना. माणसं खाणीपल्याड पुढल्या गेटावर मोबाईल देत्यात अन् सुटत्यात हिकडं मागनं. रोज उन्हात वळसा घालून क्रेट कोण आणणार? परवापास्नं हा पाळणा केलाय. डोकं लागतं!"

"किती मोबाइल?"

"चाळीसेक असत्याल."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाळीस सायकली खरंच उडत गेल्या होत्या!

दिव्या ताडकन उठली. "मामा, थांबवा! मधोमध थांबवा!"

"आन् का? माणसं खोळंबल्यात!"

सांगत बसायला वेळ कुठला! दिग्विजयनं सरळ चाकाला मिठी मारली. सुट्टीभर चापलेला आमरस कामाला आला; चाक जागच्या जागी बसलं!

"ए पोरांनो! आमचे मोबाइल!" गेटातून कामगार ओरडले. धोंडीबानं काठी उगारली.

"मामा, माझे बाबा पलीकडून खाणीत येतायत!" दिव्या किंचाळली. "चाळीस सायकली अडकल्यात असं नकाशाला वाटलं, तरच तो त्यांना वळवेल!"

काठी खाली आली. पण वाऱ्यानं क्रेट झुलत होता.

"झुलतोय! नकाशाला वाटतंय सायकली चालल्यात!" तनुजा रडकुंडीला आली.

धोंडीबानं काठी फेकली, दोर दोन्ही हातांनी धरला आणि टाचा रोवून मागं रेलला. दोन कामगार धावत येऊन त्याच्या कमरेला लटकले. दोर ताणला गेला. क्रेट स्थिर झाला.

नकाशावरची रेघ हिरवीच. अजून हिरवी. मग पिवळी.

पलीकडचं कापड फुगलं. फटीतून सायकलचं पुढचं चाक बाहेर आलं. दोन दगड सुटून खाली गेले.

दिव्यानं डोळे मिटले.

"पुढे सायकलींची मोठी कोंडी आहे," तिच्या हातातला मोबाइल बोलला. "मागे फिरा."

तिनं डोळे उघडले तेव्हा फटीत चाक नव्हतं. कापड नुसतं हलत होतं.

बऱ्याच वेळानं दिव्याचे बाबा ज्योतीराम वळसा घालून घामाघूम आले. "दिव्या? तू इथं? आज तुझ्या वाटाड्यानं लई फिरवलं की! अन् रडायलीस कशाला?"

दिव्यानं नुसतं बोट दाखवलं. ज्योतीरामांनी खाण पाहिली, कापडातली फट पाहिली आणि सायकल आडवी टाकून ते लेकीजवळ बसले.

जागे झाल्यावर दिग्विजयचा निरोप वाचून नानासाहेब उलट्या चपला घालून रिक्षानं धावत आले. कडेवरून खाली डोकावले आणि दोन पावलं मागं सरकले. सगळ्यांसमक्ष त्यांनी मोबाइल काढून तो रस्ता पुसला.

"शाबास पोरांनो. चूक माझी. आता तुम्ही चाकं फिरवून आल्याशिवाय एकही रस्ता चालू व्हायचा नाही."

"अन् पाळणा बी बंद," धोंडीबा सोललेले तळहात फुंकत म्हणाला. "पण पोर हुशार हाय, राव!"

ज्योतीराम उठले. "चल लेकी, शिफ्टला उशीर झाला."

"थांबा बाबा."

दिव्यानं मोबाइल खिशात टाकला, सायकल पुढं काढली, आणि खड्डा आला की हात वर करत ती बापाला थेट त्यांच्या कंपनीच्या गेटापर्यंत घेऊन गेली.