शेंगदाण्याचा अख्खा कान

"आज खणायचंच!" ठिणगीने खुरपं नाचवत जाहीर केलं.

"अगं, पण कबर आहे ती!" चष्मिस घाबरून म्हणाली.

"हॅमस्टरची! त्यातही रिकामी, म्हणे," लंबूने पुस्ती जोडली.

शुक्रवारी ठिणगीच्या मावसभावाचा हॅमस्टर, शेंगदाणा, मेला होता. सहा वर्षांच्या त्या पोराने रडत रडत त्याला बुटांच्या खोक्यात निजवून अंगणात पुरलं, दोन काड्यांचा क्रूस रोवला आणि प्रार्थना केली. रविवारी सकाळी उठून बघतो तर काय, पिंजऱ्यातल्या चाकावर शेंगदाणा पळतोय!

"उठला! तिसऱ्या दिवशी उठला!" ओरडत तो घरभर नाचला. संडेस्कूलमध्ये त्याच्याभोवती ही गर्दी!

ठिणगीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर्षापूर्वी मावशी वारली. काका जहाजावर नोकरीला, म्हणून हा इथे राहायला आला. आल्या आल्या खिडकीजवळचा पलंग त्याचा झाला. आईच्या कुशीतली जागा त्याची झाली. 'सोनुली' ही हाकसुद्धा आधी ठिणगीचीच होती, आता तो 'सोनुल्या'! ती पाच वर्षं हॅमस्टर मागत होती, तर म्हणे घाण होते. त्याने एकदा मागितला आणि आठवड्यात पिंजरा हजर!

"आणि आता चमत्कारही त्याच्याच वाट्याला? मी काय देवाची सावत्र मुलगी आहे?"

"पण कान?" चष्मिसने आठवण करून दिली.

तेच तर! शेंगदाण्याचा डावा कान फाटका होता. या हॅमस्टरचे दोन्ही अख्खे! ठिणगीने संडेस्कूलमध्ये सगळ्यांसमोर हे सांगितलं, तेव्हा सोनुल्या शांतपणे म्हणाला होता, "असणारच ना, ताई! बाईंनी शिकवलंय, उठल्यावर नवं शरीर मिळतं. काही तुटकं-फाटकं राहत नाही." त्यावर बाईंनी टाळ्याच वाजवल्या. आता बोला!

खुरपं खर्रकन खोक्याला लागलं. लंबूने नाक दाबून झाकण उचललं. कापसात शेंगदाणा होता. फाटक्या कानासकट!

"जिंकले!" ठिणगी घराच्या पुढच्या बाजूला धावत सुटली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं तिने ठरवलं होतं.

पुढच्या पायरीवर सोनुल्या बसला होता. अंगात चर्चचे कपडे, हातात एक तपकिरी फणी.

"इथे काय करतोयस?"

"आईची वाट बघतोय. शेंगदाणा एवढासा, म्हणून त्याला तीन दिवस लागले. आई मोठी आहे ना, तिला वर्ष लागलं. आता येईलच." त्याने फणी शर्टाला पुसली. "आजारपणात तिचे सगळे केस गेले होते, ताई. पण शेंगदाण्याचा कान आला, म्हणजे केसही येणार. मग तिला तिची फणी लागेल."

ठिणगीने खुरपं पाठीमागे लपवलं. आई म्हणाली होती, त्याच्यावर जळू नकोस. आणि ती जळत होती कोणावर? ज्याच्याकडे फक्त फणी उरलीय त्याच्यावर! पण गप्प बसलं तर हा इथे रोज बसेल.

ती मागच्या अंगणात दोघा दोस्तांकडे परतली. "ऐका. शुक्रवारी पिंजरा धुवायला गच्चीवर कोणी नेला? बाबांनी! शेंगदाणा म्हातारपणाने गेला, असं कोणी सांगितलं? बाबांनीच! आठ महिन्यांचा हॅमस्टर कुठे म्हातारा असतो? हा नवा त्यांनीच आणून ठेवला असणार!"

"सापळा लावू या!" लंबूचे डोळे चमकले.

आई-बाबा चहा घेत होते. लंबू धापा टाकत आत शिरला. "काका, काका! दुकानातले हॅमस्टरवाले भेटले. म्हणाले, चुकून मादी दिली! महिन्याभरात दहा पिल्लं!"

"दहा?" बाबा ताडकन उठले. "अरे, मी बजावून नर मागितला होता!"

मग त्यांनी जीभ चावली. आईने कप खाली ठेवला आणि नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"शेंगदाण्यासकट पिंजरा उन्हात ठेवून फोनवर बोलत बसलो," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "नवा आणलाय असं सांगणारच होतो. पण पोर इतकं नाचलं, की जीभच रेटेना."

"मला नका सांगू, त्याला सांगा!" ठिणगी म्हणाली. "तो दारात मावशीची वाट बघत बसलाय!"

बाबा पायरीवर जाऊन बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. सोनुल्याने फणी घट्ट धरली.

"मग आई येणार नाही?"

ठिणगीच पुढे होऊन त्याला खेटून बसली.

"आत्ता नाही येणार. पण येशू खरंच उठला होता, कोणी बदली आणून ठेवला नव्हता. म्हणून मावशीपण उठेल. कधी ते मला माहीत नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनाही माहीत नाही, मी विचारलंय."

"केसांसकट?"

"केसांसकट."

"आणि शेंगदाणा?"

"तो देवानेच बनवलाय ना? देव त्याला विसरणार नाही."

सोनुल्याने विचार केला आणि फणी तिच्या हातात दिली. "मग तोवर तू वापर. नुसती ठेवली तर दात तुटतात."

संध्याकाळी पाळकसाहेब आले. सगळी हकिगत ऐकून म्हणाले, "आम्ही मोठ्यांनी कौतुक केलं, चौकशी कोणीच केली नाही. शाब्बास, पोरांनो!" नव्या हॅमस्टरचं नाव फुटाणा ठरलं. त्याचा पिंजरा यापुढे सावलीत धुवायचा, अशी बाबांना ताकीद मिळाली.

आईने ठिणगीला जवळ ओढलं. "माझी सोनुली गं!"

वर्षभराने ती हाक! ठिणगीने डोळे मिटून घेतले. उघडले, तर सोनुल्या दाराशी उभा होता, ओठ घट्ट मिटून. तो चेहरा ठिणगीने ओळखला. वर्षभर तिने आरशात तोच पाहिला होता.

ती थोडी सरकली. "ये की रे," ती म्हणाली. "इथे जागा आहे."