हलक्या दांडीचा ड्रायव्हर

तो पहिल्यांदा आला ती फेब्रुवारीतली दुपार होती. माझ्या हातात नुकतीच उतरवलेली गरम पुली होती आणि नाकावर तेलाचा डाग.

"उस्ताद कुठं आहेत, ताई?"

"चाचा नमाजले गेले. काम सांगा."

त्यानं लेथकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा लेथकडे. या नजरेची मला सवय होती. आयटीआय करून बशीरचाचांच्या वर्कशॉपला लागून मला आठ वर्षं झाली होती, तरी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नवा आलेला प्रत्येक माणूस आधी उस्तादच शोधायचा.

त्यानं कापडी खोळीतून एक लांब, काळी काठी काढली. टोकाला मुठीएवढं गुळगुळीत डोकं.

"फवारणीचं आहे का हे?"

तो हसला. हसताना एक डोळा जरा जास्त मिटायचा त्याचा... आणि हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं, हेही खरं.

"गोल्फची काठी आहे. ड्रायव्हर म्हणतात. पहिला फटका हिनं मारतात, सगळ्यात लांबचा. दोन इंच कापून द्या."

"काहून?"

"लांब पडून राह्यली मले."

"किती वर्षांपासून खेळता?"

"चौदाव्या वर्षापासून."

"अन् लांब आत्ता झाली?"

त्यानं काठी माझ्यापुढे धरली. मी काठीचं डोकं फडक्यात गुंडाळून बाकाच्या शिकंज्यात धरलं आणि दांडी दाबून पाहिली. हललीसुद्धा नाही म्हणा ना.

"आधीच कडक आहे. कापली तं अजून कडक होईन. चालते?"

"हे कोणं सांगितलं तुम्हाले?"

"कोणं कायले सांगाले पायजे? आखूड सळई वाकत नाही." मी काठी त्याच्या हातात दिली. "मारून दाखवा एकदा."

वर्कशॉपच्या मागे रिकामा प्लॉट आहे, तरोट्याच्या तणानं माजलेला. त्यानं खिशातून तीन बॉल काढले. मला गोल्फ कळत नव्हता, पण फिरणारी वस्तू मधातून ढळली की माझ्या लगेच ध्यानात येतं. काठी मागे नेताना तो अर्ध्यातच अडकत होता आणि ओठ दाताखाली धरत होता. तिन्ही बॉल खालून खालून, उजवीकडे तरोट्यात गेले.

"डावा हात सरळ होत नाही तुमचा."

"होते."

"नाही होत."

त्यानं काठी खोळीत घातली आणि बॉल न शोधताच निघून गेला.

संध्याकाळी चाचांनी सांगितलं. बोरी अरबचा कपिल. मामा पुण्याजवळच्या गोल्फच्या मैदानावर गवत राखायला होता, त्याच्यासोबत हा गेला. लोकांच्या काठ्या वाहिल्या, मग स्वतः खेळायला लागला, या ड्रायव्हरवर मोठी स्पर्धा जिंकला, मुलांना शिकवायला लागला. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकल घसरली. कोपरात सळई बसली आणि तो गावी, सोयाबीनच्या वावरात परत आला.

"तू त्याच्या दुखत्या जागीच बोट ठेवलं, बेटा," चाचा म्हणाले.

आठ दिवस मला स्वतःचा राग येत राहिला. नवव्या दिवशी तो दारात उभा.

"मोजून द्या," तो म्हणाला.

"काय?"

त्यानं डाव्या हाताची बाही वर सारली.

मी ड्रॉवरमधून लोखंडी कोनमापक काढलं. त्याचा हात बाकावर ठेवला, पट्टी दंडाला लावली. लोखंड थंड होतं, तो दचकला. की माझ्या बोटांनी दचकला... कोण जाणे. कोपरावर लांब, फिकट व्रण होता. आकडा वाचायला मी वाकले, तेव्हा आम्ही दोघंही श्वास धरून होतो.

"ताणा अजून."

"एवढाच जाते."

"अठरा अंश कमी."

"घरी माहीत नाही कोणाले," तो हळूच म्हणाला. "आईले वाटते, पूर्ण बरा झाला. एप्रिलमध्ये परीक्षा आहे माही, पुण्याच्या त्याच गोल्फ क्लबात शिकवायच्या नोकरीची. ठरल्या फटक्यांच्या आत बॉल मैदानावरच्या अठराही होलांत घालून दाखवा लागते. जुना हात परत आला असता तं..."

"येणार आहे का?"

"डॉक्टर नाही म्हणते."

"मंग जो हात आहे, त्याले पाहून काठी घ्या न."

त्यानं बाही खाली केली. नंतर त्यानं मला 'ताई' म्हटलं नाही, कधीच.

नागपूरच्या मित्राकडून तो तीन ड्रायव्हर घेऊन आला. रविवारी वर्कशॉप बंद असायचं. चाचा सावलीत खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि आम्ही मागच्या प्लॉटवर. मी प्रत्येक काठीच्या तोंडाला खडूची पूड फासायची. फटका मारला की बॉल कुठे लागला, त्याचा ठसा उमटायचा.

"ही मस्त आहे," पहिलीसाठी तो म्हणायचा. "आवाज ऐकला का?"

"आवाज ऐकू नका. ठसा टोकाले आहे."

"ही?"

"ही तं अजून बाहेर."

"तुम्ही बॉल पाहता का मले?"

"...ठसा पाहते."

पेपराआडून चाचा खाकरले.

तिसरी काठी सगळ्यात हलकी होती. दांडी लवचीक, लांबीला इंचभर कमी, आणि तोंड जरा जास्त आभाळाकडे वळलेलं. ती त्यानं शेवटी घेतली, तीही मी म्हटलं म्हणून. पहिला फटका... ठसा बरोबर मधात. दुसरा, मधात. बॉल उंच गेला, सरळ, आणि प्लॉटच्या टोकाच्या पळसापलीकडे पडला. पळस तेव्हा लालभडक फुलला होता. त्याखाली बॉल शोधताना आमची डोकी एकमेकांवर आदळता आदळता राहिली.

"हीच," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "ही बायकायची आहे, अर्पिता. दांडीवर लिहून आहे. दहा जणांसमोर मी ही काढू?"

मी माझ्या एप्रनकडे बोट दाखवलं. खांद्यावर दोन गाठी मारल्याशिवाय तो मला बसत नसे.

"आठ वर्षं माणसाच्या मापाचा घालून राह्यली मी. हातमोजेही माणसाचेच. काम थांबलं का माहं?"

त्यानं त्या गाठींकडे पाहिलं. मग हसला... मग ते हसू थांबलं आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तोंड वळवलं नाही. दोन वर्षांत तो कुणासमोर रडला नव्हता, हे त्यानं मला पुढे सांगितलं.

काठीची मूठ त्याच्या हाताला बारीक पडत होती. मी ती काढून जाड बसवली, काठीच्या डोक्यामागे शिशाची पातळ पट्टी चिकटवून तोल जमवला. आणखी पाच रविवार त्यानं तीच काठी मारली. आमचं बोलणं वाढलं. त्याच्या आईच्या हातचं अंबाडीचं शरबत माझ्यासाठी यायला लागलं. आणि मला कळत होतं, काठी जितकी त्याच्या हातात बसते आहे, तितका तो इथून लांब जातो आहे.

तो पुण्याला गेला त्या दिवशी मी स्टँडवर गेले नाही. चार दिवस फोन नाही. मीही केला नाही. पाचव्या दिवशी भर उन्हात तो बॅग खांद्यावर घेऊन वर्कशॉपमध्ये उभा राहिला. स्टँडवरून घरी न जाता थेट आला होता.

"दोन फटक्यांनी राह्यलो," तो म्हणाला.

मी लेथ बंद केली. "ड्रायव्हरनं दगा दिला?"

"नाही. ड्रायव्हर तं एकदाच ढळला. जवळचे फटके चुकले, छोटे छोटे. सवय सुटली होती." तो बाकावर टेकला. "सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा आहे."

मला खोटं बोलता आलं असतं. वाईट वाटलं म्हणता आलं असतं.

"कपिल... मले आनंद झाला. तुम्ही राह्यले म्हणून. एक क्षणच झाला, पण झाला. अन् आता लाज वाटून राह्यली त्याची."

बाहेर कुणाच्या तरी टेम्पोचा हॉर्न वाजत होता. तो थांबला, तेव्हा कपिलनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग उठला, माझ्यासमोर आला.

"ऑक्टोबरमध्ये मी पास होईन."

"माहीत आहे मले."

"तवा काय करशीन?"

मला पहिल्यांदाच त्यानं 'तू' म्हटलं होतं.

"तवाचं तवा. स्टँडवरून इथं कायले आले, ते बोला आधी."

"विचाराले आलो." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "नोकरी नाही हातात. हात हा असा. तरी विचारून राह्यलो... येशीन माह्यासंगं?"

माझे हात तेलानं भरले होते. ते पुसायचंही मला सुचलं नाही.

"येईन," मी म्हणाले. "पण घरी बसाले नाही येणार. पुण्यात लेथा काही कमी नाहीत."

"मी कुठं घरी बस म्हणलं?"

"म्हणाल तं सांगून ठेवते." मग माझंच बोलणं अडखळलं. "अन्... आज आईकडं जा आधी. त्यायले हाताचं खरं सांगा. मंग रविवारी सकाळी त्यायले घेऊन आमच्या घरी या. बाबा बाभुळगावच्या बाजारातून दहापर्यंत येतात."

"दहा वाजता येतो," तो म्हणाला.

तो पावणेनऊलाच आला. आईसोबत.