नव्या पिनचा माणूस

"हा माणूस वायरी विकायला येतो की टेहळणी करायला?" आत्या माझ्या कानाशी पुटपुटली.

दुकान आम्हा दोघींचं. चार्जर, माऊस, कॉम्प्युटरच्या वायरी. आणि तो काउंटरपलीकडे, कंपनीनं पाठवलेला, नव्या पिनचं कौतुक सांगत उभा. आत्यानं त्याचं नाव ठेवलं होतं — पिनवाला.

"उलटी घाला, सुलटी घाला, बसतेच," तो म्हणाला. "पुढे सगळ्यांना हीच लागणार बघा."

"असं सगळेच म्हणतात," मी म्हटलं. "गिऱ्हाईक म्हणतं, लॅपटॉपला या पिनचं पोर्ट नाही तर वायर कशाला घेऊ? लॅपटॉपवाले म्हणतात, वायर कुणाकडे नाही तर पोर्ट कशाला देऊ? मधल्या मध्ये माझी फळी अडते."

"कुणीतरी आधी पुढे व्हायला हवं ना..." तो हसला. नजर माझ्यावर. मी घाईनं फळीकडे पाहिलं.

वायरी ठेवून घेतल्या. आणि नवल म्हणजे, खपू लागल्या! मला तेच खटकलं. एक चष्मेवाला वायर घेऊन निघाला, तशी मी म्हटलं, "थांबा, लॅपटॉप काढा, लावून देते."

लॅपटॉपला जुनंच पोर्ट. बिचारा घामाघूम. "मला... एका मित्रानं पाठवलं. तुमच्याकडे वायरी देतो ना, तो."

पुढच्या फेरीला पिनवाल्याला मी दारातच धरलं. "खोटी गिऱ्हाइकं पाठवता? लाज नाही वाटत?"

त्याचे कान लाल झाले. "माल पडून राहिला असता तर कंपनीनं हे दुकान माझ्या फेरीतून काढलं असतं."

"मग काढू द्या की!"

आत्या उगाचच फडकं झटकू लागली.

पुढे पिन खरोखर पसरली, पण आमच्या फळीमुळे नव्हे हो. मोठमोठ्या कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं आणि प्रत्येक नव्या लॅपटॉपला, फोनला तेच पोर्ट आलं. लोक आपणहून वायर मागू लागले. कौतुक सांगायला माणूस लागेनासा झाला. पिनवाल्याची फेरी बंद झाली.

आणि एका दुपारी तो दारात. हात रिकामे.

"आता काय गळ्यात मारायचंय?" माझा संशय काही फिटेना.

"काही नाही. बदली झालीय, दुसऱ्या शहरात. म्हटलं, जाता जाता... फळी बघून जावी."

"फळी?"

"हो. छान लावलीय तुम्ही."

"फळी बघायला कुणी एवढ्या उन्हातून येतं का हो?" आत्यानं विचारलं, पण त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत.

तो फळीवर नजर खिळवून उभा. मी काउंटरची काच पुसत राहिले. काच लख्ख झाली होती, तरी हात थांबेना. तो वळला, पायरी उतरू लागला...

"जाऊ नका," मी म्हटलं. "तुम्ही आला नाहीत की मला करमत नाही."