डार्करूममधली ताई

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात मी पदरची भर घातलेली नाही. हे माझ्याच बाबतीत घडलंय.

विद्यापीठात संशोधनाची नोकरी शोधताना माझ्या चपला झिजल्या होत्या. कुठे अनुभव हवा, कुठे ओळख. शेवटी एका प्रयोगशाळेत हंगामी सहायक म्हणून लागले.

"काम पसंत पडलं तर कायम करू," सर म्हणाले.

गावी आई एकटी, कमावणारी मी एकटी. ही नोकरी मला टिकवायचीच होती.

शहर नवीन, लॅब तळघरात. सर उगवले तर उगवले. तिथले जुने मदतनीस, ज्यांना सगळे काका म्हणायचे, ते जेवण झालं की गेटवर गप्पा मारायला जायचे. दिवसभर बोलायला मशीनशिवाय कोणी नाही.

कोपऱ्यात डार्करूम होती. आतले नमुने उजेडाने खराब होतात, म्हणून बाहेरून आधी टकटक करायची. आत कोणी असेल तर तोही टकटक करतो. मग आपण थांबायचं. दार उघडायचं नाही.

थंडीतली एक संध्याकाळ. मी दारावर टकटक केली.

आतून उत्तर आलं... टक टक.

वरच्या मजल्यावरची कोणी संशोधक असेल, असं वाटलं. मी थांबले.

कोणी बाहेर आलंच नाही.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. मग मी माझे नमुने सकाळीच उरकायला लागले. तेव्हा खोली रिकामी असायची.

राग यायला हवा होता. खरं सांगू? मला बरं वाटलं. संध्याकाळी मी दाराशी स्टूल घेऊन बसायचे.

"ताई, आज आईचा गुडघा परत धरलाय."

टक टक.

"तुमचीही नोकरी हंगामीच का हो?"

मी दाराला कान लावला...

मग एकच, हळू. टक.

एकदा काकांनी मला बोलताना पकडलं.

"कोणाशी बोलतेस गं?"

"आतल्या ताईंशी."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी सरळ दार उघडलं.

आत... कोणी नव्हतं.

"तुझ्या आधी एक पोरगी होती," ते म्हणाले. "कायमच्या ऑर्डरची वाट बघत बघत गेली बिचारी. ताप आला होता. खोलीवर एकटीच राहायची, कोणाला कळलंसुद्धा नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर टिकली असतीस?"

मी टिकले. नोकरी सोडून खाणार काय?

मग एका दुपारी सरांनी बोलावलं. मी कायम झाले होते. आईला फोन करायच्या आधी मी त्या दाराशी धावले.

"ताई, मला कायम केलं."

टकटक आली नाही.

आतली कडी सरकली... दार उघडलं...

कोणी दिसलं नाही. फक्त पावलांचा आवाज माझ्या शेजारून गेला आणि जिना चढून वर निघून गेला.

त्यानंतर आतून कधीच उत्तर आलं नाही.

"सुटली बिचारी," काका म्हणतात. असेलही.

हल्ली माझं आतलं काम संपतं, तरी मी बाहेर येत नाही. कडी लावून अंधारात बसून राहते. कोणीतरी दार वाजवेल म्हणून कान देऊन.

तिथे मला भीती वाटत नाही.

खोलीवर एकटी परतल्यावर वाटते.