मोटारीची पलीकडची बाजू

ही गोष्ट खरी आहे. पटेल त्याला पटेल, हसायचं त्यानं खुशाल हसावं.

साल १९४५. पौषातली थंडी. गाव रहिमतपूर.

आणि हे रात्रीबित्री घडलेलं नाही, तेही आधीच सांगून टाकतो. चांगलं उजाडल्यावर, पंचवीसेक माणसांच्या देखत घडलंय. जिच्या बाबतीत घडलं ती अंजना माझी चुलत चुलती. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

तिचा नवरा लालासाहेब. त्यानं सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची जुनी काळी मोटार घेतली होती. रहिमतपूर ते सातारा उतारू न्यायचा. लढाई लागली, पेट्रोल मिळेनासं झालं, आणि गडी ड्रायव्हर म्हणून पलटणीत गेला. मागं थोरला भाऊ नाथाजीनं छपरात गुळाच्या ढेपी रचल्या आणि मोटार अंगणात काढली. दिवसा ऊन, रात्री दव.

जाताना लालासाहेबानं बायकोला एकच काम नेमून दिलं होतं.

"रंग जप. रंग गेला की पत्र्याला गंज धरतोय."

कसा जपायचा तेही शिकवलं होतं. आधी पाण्यानं धूळ धुवायची. कोरडं फडकं लावायचं नाही, धुळीनं ओरखडे पडतात. मग मधाच्या पोळ्याचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून पातळ चोपडायचं. ते सुकून पांढुरकं झालं की जुनेराच्या मऊ फडक्यानं पुसून काढायचं. सगळं ऊन यायच्या आत. तापल्या पत्र्यावर मेण लावलं तर डाग बसतात.

म्हणून आठवड्यातून एकदा अंजना तांबडं फुटायला उठून मोटारीशी झटायची. पाणवठ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "मोटारीला न्हाऊ घातलंस का गं?" म्हणायच्या.

"घातलं की. तुमच्या म्हशीपरास सवच्छ हाय ती," अंजना म्हणायची आणि घागर भरून चालू लागायची.

मग तार आली. ब्रह्मदेशात लालासाहेब बेपत्ता.

मेला म्हणून नाही, जिवंत म्हणूनही नाही. सासू धोंडुबाईंनी अंथरूण धरलं. अंजनानं तार पेटीत ठेवली आणि ठरल्या दिवशी मोटार धुतली. दहा महिने एकही आठवडा चुकवला नाही.

आणि पौषात ते सुरू झालं...

त्या पहाटे तिनं सगळ्या मोटारीला मेण लावलं. घराकडची बाजू पुसून काढली. मग फडकं झटकून ती पलीकडं गेली.

पलीकडची बाजू पुसलेली होती.

लख्ख. तोंड बघावं अशी.

तिला वाटलं, भावजींनी पुसली असेल. पण नाथाजी रात्रीपासून गुऱ्हाळावर होता.

पुढच्या आठवड्यात तिला आवाज आला. पलीकडून. कापड पत्र्यावर फिरल्याचा...

सर्र... सर्र...

ती थांबली. आवाज थांबला.

तिनं पुन्हा हात चालवला. आवाज पुन्हा सुरू झाला.

अंजना खाली वाकली आणि मोटारीखालून पलीकडं पाहिलं. पलीकडची चाकं दिसली. दवानं भिजलेली माती दिसली.

पाय नव्हते.

ती घाबरली. पण तिनं आपली बाजू पुरी केली, डबा उचलला आणि घरात जाऊन भाकरी थापायला बसली. कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात धोंडुबाई अंथरुणातून उठून चूळ भरायला मोटारीच्या पलीकडं आल्या. सून घराकडच्या बाजूला होती. पलीकडच्या दारावरचं पांढरं मेण आपोआप पुसलं जात होतं. म्हातारीच्या हातातला तांब्या पडला.

"माझा लाला आला गं! माझा लाला आला!"

दिवस मावळायच्या आत गावभर झालं. भटजी आले. म्हणाले, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. पण त्याच्या जिवानंच खूण दिली असेल तर थांबायचं कारण नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, बाकीचं रीतीप्रमाणं.

बाकीचं म्हणजे अंजनाच्या बांगड्या. अंजनाचं कुंकू.

नाथाजी काही वाईट माणूस नव्हता. तो तिला समजवायला आला.

"अंजना, त्याचा जीव घोटाळतोय गं. त्याला वाट करून द्यायला नगं का?"

"भावजी, मोटार कुनीतरी पुसतंय, यवढंच दिसलंय. मालक गेल्यालं कुनी बघितलंय का?"

"मग त्यो कोन हाय?"

"कोन का असंना. त्येच्यापायी मी बांगड्या फोडायची न्हाई."

तिचं ऐकतो कोण! दिवस ठरला. सकाळी अंगणात माणसं जमली. सुपात पुतळा तयार होता. बायका अंजनाला न्यायला आत गेल्या, तर ती मागच्या दारानं निघून आली. कपाळभर कुंकू, हातात मेणाचा डबा. तडक मोटारीपाशी गेली, बॉनेट धुतलं, कोरडं केलं आणि सगळ्यांसमोर मेण चोपडलं.

मग दोन पावलं मागं सरली.

"कोन हायस त्यो? चोरून काय पुसतोस? हितं पुस, समद्यांम्होरं!"

कुणी हललं नाही. मेण हळूहळू पांढरं झालं. मोटारीजवळ माणूस नव्हतं...

आणि बॉनेटवर वीतभर काळा पट्टा उघडा पडला.

मग त्याच्या शेजारी दुसरा. सावकाश, जपून.

बायका किंचाळल्या. भटजींनी मंत्र सुरू केले. धोंडुबाईंनी रडत रडत सुनेचं मनगट धरलं.

अंजनानं मनगट सोडवून घेतलं आणि त्या काळ्या पट्ट्यांवर पुन्हा मेण फासलं.

पुन्हा पुसलं गेलं.

तिनं पुन्हा फासलं.

"मड्यानं सवता यिऊन सांगितलं तरी मी आयकायची न्हाई!" ती ओरडली. "बारा वर्सं माझी हाइत. एक दीस कमी दिनार न्हाई, कुनालाच न्हाई!"

तिसऱ्यांदाही पुसलं गेलं. आता जरा घाईनं.

चौथ्यांदा मेण लावून ती बॉनेटवर ओणवी झाली, कपाळ पत्र्याला टेकेल इतकी. आणि उभ्या जन्मात जे केलं नव्हतं ते तिनं केलं. नवऱ्याचं नाव घेतलं. अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं.

"लालासाहेब... हात मागं घ्या."

मेण सुकलं. पांढरं झालं...

पांढरंच राहिलं.

ऊन आलं, पत्रा तापला, मेणाचे डाग बसायला लागले. तरी माणसं बघतच उभी होती. शेवटी नाथाजीनं पुतळ्याचं सूप उचललं आणि आत नेऊन ठेवलं. पाठोपाठ भटजीही उठले.

पुढच्या आठवड्यात अंजनानं नेहमीसारखं मेण लावलं. घराकडची बाजू पुसताना ती मध्येच थांबून कानोसा घेत होती. मग पलीकडं गेली.

तिथलं मेण तसंच होतं.

तार आल्यापासून ती रडली नव्हती. त्या दिवशी मोटारीच्या चाकापाशी बसून ढसाढसा रडली. मग उठली आणि तीही बाजू तिनं एकटीनं पुसून काढली.

लालासाहेब परत आला नाही. बारा वर्षं झाली, वीस झाली. पुतळ्याचा विषय तिच्यापुढं काढायची छाती कुणाला झाली नाही, आणि कुंकू तिच्या कपाळावर अखेरपर्यंत राहिलं.

मी एकदाच विचारलं होतं, "काकू, तेच होते का ते?"

काकूंनी मलाच उलटा सवाल केला.

"त्येच म्हनलं, तर मी त्यास्नी दारातनं हाकललं. आन् त्ये न्हवं म्हनलं, तर त्यांचं नाव घितल्यावर मागं सरला त्यो कोन? तूच सांग."