जोडीतली खरी डिस्क

दुपारी लेक ऑफ द वुड्सवर हिमवादळ उतरलं आणि आमच्या बचाव केंद्रातली वीज गेली. जनरेटर लावला, पण सर्व्हर काही सुरू होईना. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाणाऱ्या प्रत्येकाजवळ खूण पाठवणारी डबी असते. माणूस कुठे आहे, ते हा सर्व्हर नकाशावर लाल ठिपक्याने दाखवतो. बाकी सगळे परतले होते. केंद्रात माझ्या हाताखाली काम शिकणाऱ्या सोल्वेगचा धाकटा भाऊ एस्किल तेवढा अजून बर्फावर होता.

"कशाला हात लावलास?" मी सोल्वेगला विचारलं.

"'मूळ सेटिंग्ज परत आणा' असं लिहिलं होतं. म्हटलं, त्यात काय बिघडणार!"

"सगळ्यांना तसंच वाटतं, पोरी. ये, इकडे बघ."

मी तिला समजावलं. आत दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिलेलं दुसरीवर जसंच्या तसं उतरतं. दोघींना मिळून एक समजायचं, ही सेटिंग आम्ही लावलेली. कारखान्यातून ती बंद येते. त्यामुळे मशीनला आता जोडी ओळखू येत नव्हती.

"जोडण्याआधी एकेक तपासू."

पहिल्या डिस्कवरून मशीन सुरू केलं. ठिपका उत्तरेला, बेटाच्या आडोशाला. सावकाश हलत होता.

सोल्वेगने सुस्कारा सोडला.

दुसऱ्या डिस्कवरून सुरू केलं. ठिपका दक्षिणेला, नदीच्या मुखापाशी. तोही हलत होता.

"थट्टा करताय का, म्हातारबा?"

पुन्हा पहिली. उत्तर. पुन्हा दुसरी. दक्षिण.

डबी एकच होती. मी स्वतः ती सकाळी एस्किलच्या खिशात घातली होती.

बचावपथकातला वेंडेल दारात आला. बाहेर त्याची बर्फावर चालणारी स्नोमोबील घरघरत होती. "अहो, शाळा नंतर घ्या! एका फेरीपुरतंच पेट्रोल आहे. कुठे जाऊ?"

मी जोडीची सेटिंग लावली. मशीनने विचारलं, यातली खरी कोणती? दुसरी पुसली जाईल.

"उत्तर," सोल्वेग म्हणाली. "त्याची मासे धरायची झोपडी तिकडेच आहे."

मी पहिली निवडली.

अंधार पडता पडता वेंडेल एस्किलला उत्तरेहून घेऊन आला. सोल्वेगने भावाला मिठी मारली, मग पाठीत एक धपाटा घातला. "गाढवा! जीव गेला असता माझा!" तो नुसता हसला आणि कॉफी घेऊन शेगडीपाशी बसला.

पहिल्या डिस्कवरचं दुसरीवर उतरणं चालूच होतं. थोडंच उरलं होतं.

तेवढ्यात टेबलावरचा रेडिओ खरखरला.

"सोल्वेग? नदीच्या मुखापाशी आहे मी. बर्फ तडकतोय गं. निघालात ना?"

आवाज एस्किलचा होता.

आम्ही शेगडीकडे पाहिलं. त्याचा रेडिओ त्याच्या पट्ट्याला लटकत होता, बंद.

"ताई? ऐकू येतंय का?"

सोल्वेगचा हात माइककडे गेला.

एस्किलने कप खाली ठेवला. तिच्याआधी तो टेबलापाशी पोहोचला आणि त्याने आवाजाचं बटण हळूहळू फिरवत नेलं, आवाज पार बंद होईपर्यंत.

"कॉफी उरलीय का अजून?" त्याने विचारलं.