डावीकडचा पाट

हे मी ऐकीव लिहीत नाही. मी तिथे होतो आणि माझ्या हातात मोजपट्टी होती.

नागपूरच्या तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेऊन मी चौतीस वर्षे भोपाळच्या एका कारखान्यात, चाचणी विभागात काढली. जे मोजले नाही ते नोंदवायचे नाही, ही सवय तिथली. म्हणून तारखेपासून सुरुवात करतो. रविवार, ८ डिसेंबर २०२४. दुपारचे चार. स्थळ, भोपाळच्याच कोटरा सुल्तानाबाद भागातील आमच्या नाट्यमंडळाचे सभागृह.

बाहेर लख्ख ऊन होते.

नाटक मीच लिहिले होते आणि बसवतही मीच होतो. माझी पत्नी सिंधू हिच्या माहेरी एक जुना कागद आहे. तिचे पूर्वज राघोपंत एका लहान संस्थानाचे दिवाण होते. शेजारच्या राज्याशी युद्ध करू नये, असे भर दरबारात त्यांनी एकट्यानेच सांगितले. सरदार उलटले. राजाने भेट बंद केली. युद्धाला अकरा दिवस उरले, तेव्हा पंतांच्या पंक्तीला बसायला एकही माणूस तयार नव्हता.

कागदात पुढे एकच ओळ आहे...

त्यांची पत्नी चिमाबाई हिने रीत मोडली. आपला पाट पतीच्या डावीकडे, एका वितीवर मांडला आणि ती त्यांच्यासोबत जेवली.

मग युद्ध झाले. पंत परतले नाहीत. चिमाबाईंचे काय झाले, याबद्दल कागद गप्प आहे.

ती ओळ मी नाटकातून काढली.

माझा विचार साधा होता. एक पाट, एक पान आणि वरून प्रकाशाचे एकच वर्तुळ. पंतांचा एकाकीपणा त्यानेच ठसेल, अशी माझी खात्री होती.

सिंधूने संहिता वाचून मिटली.

"अहो, सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा ती एकटी बसली. आणि तुम्ही तिलाच उठवलंत?"

"प्रसंगाची गरज आहे."

"एकटेपणाच दाखवायचाय ना? मग बसा एकटे."

त्या दिवसापासून ती मला वाढून आत जाऊ लागली आणि मागाहून एकटीच जेवू लागली. एक्केचाळीस वर्षे आम्ही एका वेळी जेवलो होतो. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत मी घास गिळत असे. तरी मी ओळ परत घातली नाही.

मंडळाकडे दोनच पाट होते. एकाचा कोपरा चिरलेला. त्या रविवारी चांगला पाट मी रंगमंचावर खडूच्या खुणेवर ठेवला. चिरलेला कपाटात ठेवून कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. मग आम्ही सगळे चहाला बाहेर गेलो. दहा मिनिटे.

परत आलो, तर...

रंगमंचावर दोन पाट होते.

पंतांचे काम करणारा हर्षल मोठ्याने हसला. "काका, काकूंनी घरून भूत भेजलं वाटतं!"

चिमाबाईंचे काम आधी श्रुतीकडे होते. ओळ गेली, तसे तिचे कामही गेले. मी तिच्याकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघताय, काका? रोल कापलात, आता हेपण माझ्याच नावावर? मी तर तुमच्या सामनेच समोसा खात होते!"

ते खरे होते.

कपाटाचे कुलूप जसेच्या तसे होते. मी ते उघडले. आतल्या धुळीत पाटाएवढा कोरा आयत दिसत होता.

मी दोन्ही पाटांमधले अंतर मोजले. पावणेआठ इंच. पुन्हा मोजले. तेवढेच.

माझी वीत नऊ इंच भरते. हा हात माझ्याहून लहान होता...

बुधवारी तेच घडले. शुक्रवारीही. चिरलेला पाट, डावी बाजू, पावणेआठ इंच. शुक्रवारी मी प्रकाशाच्या पेटीपाशी एकटाच होतो. मागे फळ्यांवरून लाकूड सरकल्याचा आवाज आला. थांबला. मग कुणीतरी खाली बसताना सोडावा तसा एक सुस्कारा...

मी वळलो नाही.

हर्षलची थट्टाही एव्हाना बंद झाली होती. "काका, सच्ची सांगतो, तो सीन करताना माझी डावी बाजू गरम होते. जैसे कोई बैठा हो. ती ओळ वापस टाका ना."

"परवा प्रयोग आहे. आता बदल होणार नाही," मी म्हणालो.

रविवार, १५ डिसेंबर. प्रयोग साडेपाचला सुरू झाला. सिंधू आली नाही. "जिथे तिला जागा नाही, तिथे मी कशाला येऊ?" एवढेच म्हणाली.

सहा वाजून दहा मिनिटांनी जेवणाचा प्रसंग आला. डावीकडच्या दिव्याची तार मी सकाळीच स्वतः काढली होती. उजेड फक्त हर्षलवर होता. सभागृहात कुणी खोकलेही नाही.

आणि मग...

डावीकडे दुसरे वर्तुळ उमटले.

सावकाश. मी दिवा चढवला असता, त्याच गतीने.

त्यात चिरलेला पाट होता. पाटावर कुणीही नव्हते.

हर्षलने भाकरी मोडली. अर्धी डावीकडे ठेवली. हे संहितेत नव्हते. मग तो त्या रिकाम्या जागेकडे पाहून हळूच म्हणाला, "साऱ्या दरबारातून एक माणूस पंक्तीला आलं."

हे वाक्य मी लिहिलेले नाही.

पडदा पडल्यावर मी धावत रंगमंचावर गेलो. एकच पाट होता. अर्धी भाकरी नव्हती. कपाटाला कुलूप होते आणि कपाट रिकामे होते. हर्षलला मी ते वाक्य विचारले, तर तो गोंधळून म्हणाला, "कौनसं वाक्य, काका?"

आठच्या सुमारास घरी पोचलो. टेबलावर काही मांडलेले नव्हते. स्वयंपाकघरात गेलो आणि दारातच थांबलो.

जमिनीवर दोन ताटे शेजारी शेजारी वाढलेली होती. एका ताटामागे कांबळ्याची घडी. दुसऱ्यामागे...

चिरलेल्या कोपऱ्याचा पाट.

"हा कुठून आला?"

"म्हणजे? तुम्हीच पाठवलात ना? बेल वाजली, दार उघडलं तर कुणी नाही. नुसता पाट."

"किती वाजता?"

"सहा-सव्वासहा असतील. म्हटलं, समजलं एकदाचं तुम्हाला." ती भात वाढत होती. "एकच पाठवलात. म्हणून तुमच्यासाठी घडी घातली."

सव्वासहाला तो पाट माझ्या डोळ्यांसमोर, उजेडात होता. हे मी तिला सांगितले नाही. अजूनही सांगितलेले नाही.

"पुढच्या प्रयोगात ती ओळ परत घालतो," मी म्हणालो.

"मला कशाला सांगता?" सिंधू म्हणाली आणि पाटावर बसली. माझ्या डावीकडे.

मी गुडघे सावरत घडीवर बसलो. बऱ्याच दिवसांनी आम्ही सोबत जेवलो.

श्रुतीला तिचे काम परत मिळाले आहे. पाट मात्र आमच्याकडेच राहिला. सिंधू रोज तो स्वतः मांडते आणि आम्ही तसेच शेजारी बसतो.

मोजपट्टी माझ्या खिशात असते. आमच्यामधले ते अंतर मी आजवर मोजलेले नाही.